ओल धरून

पहाटेचे पावणेसहा. आंजर्ल्याच्या पुळणीवर पाऊल टाकते आणि वाळू करकरत नाही. नुसती दबते, मुकाट. रात्री पावसाचा थेंब पडलेला नाही, तरी सगळं ओलसर आहे. उतरले आहे त्या घरात काल मिठाच्या बरणीला पाणी सुटलं होतं, उशीचा अभ्रा गार लागत होता, आणि चहाच्या चुलीसाठी काडेपेटीतल्या चार काड्या वाया गेल्या. रोहिणी लागून चार दिवस झालेत. मे संपायचा आहे, म्हणजे अजून उन्हाळाच. पण कोकणातला हा शेवटचा उन्हाळा घाटावरच्यासारखा भाजत नाही, उकडतो. चाळणीत ठेवलेल्या मोदकासारखा माणूस वाफेवर शिजत राहतो.

बरोबर दादा आहेत. गावातले कासवमित्र. नोव्हेंबर लागला की रोज पहाटे ते ही पुळण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतात, रात्री कासवीण वर येऊन गेल्याची खूण शोधत. आता कासवांचा हंगाम संपलाय, तरी पायांची सवय गेलेली नाही. म्हणून मी आज त्यांच्या पायांबरोबर आहे.

"आज सुकती मोठी आहे, ताई," ते म्हणतात. "बघा, कुठवर गेलाय."

वैशाखी अमावास्या आहे. उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच ते मागेही जातं, आणि आत्ता समुद्र इतका आत सरकलाय की मधली ओली वाळू मोकळ्या माळासारखी वाटते. आभाळ राखाडी, वाळू राखाडी, दोघांच्या मधे पाण्याची एक पांढरी किनार. समुद्र लांब आहे पण त्याची गाज जवळ आली आहे. जानेवारीत इथे लाट फुटली की ती एकटी ऐकू यायची, मग थोडी शांतता, मग पुढची. आज मधली शांतता नाही. दक्षिणेला सुवर्णदुर्गाची काळी पट्टी दिसते, तिच्याही पलीकडून एक सलग घुमणं येतंय. दादा थांबून मान तिकडे करतात.

"तिकडून गाजायला लागला की आठ दिवसांत येतोच."

कोण, ते सांगावं लागत नाही.

ओल्या वाळूवर उतरतो आणि पहिल्या दहा पावलांतच मला पाय कुठे ठेवावा कळेनासं होतं. सगळीभर बारीक बारीक गोळ्या. काही मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या, हजारोंनी. उगाच विखुरलेल्या नाहीत. मधे एक छोटं भोक, आणि त्याच्यापासून चहूबाजूंना निघालेल्या ओळी, सूर्याच्या किरणांसारख्या. एका भोकाची नक्षी संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते. दारापुढे रांगोळी घालणारी बाई जशी आधी ठिपके मांडून घेते, तशी ही सगळी पुळण ठिपक्यांनी मांडलेली आहे.

मी उकिडवी बसते आणि हलत नाही. दादाही बसतात. एक मिनिट काहीच नाही. मग समोरच्या भोकाच्या तोंडाशी वाळूचाच एक कण हलल्यासारखा होतो, आणि खेकडा बाहेर येतो. माझ्या करंगळीच्या नखाएवढा. वाळूच्या रंगाचा, इतका की तो थांबला की नाहीसा होतो. तो आपल्या ओळीवरून तिरका चालत जातो, दोन्ही नांग्यांनी आळीपाळीने ओली वाळू उचलून तोंडात घालतो. ओहोटीनं मागे ठेवलेला पाण्याचा पातळ थर वाळूच्या कणांवर असतो आणि त्या थरात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. खेकडा ते तोंडातल्या केसाळ अवयवांनी खरवडून घेतो आणि धुतलेली वाळू तोंडाच्या वर गोळा होत जाते. तिची गोळी पुरेशी मोठी झाली की नांगीनं तोडून मागे टाकतो. पुढचं पाऊल, पुढचा घास, पुढची गोळी. टाकलेल्या गोळीकडे तो परत वळत नाही. चाखून झालेली वाळू कुठली आणि बाकीची कुठली, हे त्या गोळ्याच त्याला सांगतात.

पाहता पाहता लक्षात येतं की त्याला घाई आहे. वाळू ओली आहे तोवरच हे जेवण. ती सुकली की शेवाळ खरवडता येत नाही, आणि भरती आली की दार बंद करून आत बसावं लागतं. म्हणजे त्याच्या हातात फार तर चार-पाच तास. इतक्यात एवढा गालिचा विणायचा, आणि अकराच्या सुमाराला समुद्र येऊन तो सगळा पुसणार. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. मी इथे नसताना, कोणीही नसताना, रोज दोनदा हे होत असतं. हे आठवलं की मला दर वेळी गळ्याशी काहीतरी दाटून येतं.

थोडं पुढे गेल्यावर गालिचा फाटलेला दिसतो. दोन समांतर चर, टायरांचे, नक्षीदार. पुळणीवर उतरून पाण्याच्या कडेनं जाऊन, गोल वळण घेऊन परत वर गेलेले. काल रात्रीच्या भरतीनंतर कधीतरी, उजाडायच्या आत. चरांमधली वाळू दाबून फरशीसारखी झाली आहे. तिच्यावर एकही गोळी नाही, एकही भोक नाही. दोन्ही बाजूंना रांगोळ्या अगदी कडेपर्यंत आल्यात आणि तिथे थांबल्यात.

"सुट्टीचे शेवटचे दिवस," दादा म्हणतात. त्यांच्या आवाजात राग नाही, थकवा आहे. "मार्चात एकदा घरट्यावरून गेली होती गाडी. अंडी दीड फूट खाली, म्हणून वाचली."

माझ्या आवाजात राग आहे आणि मी तो लपवत नाही. ज्यांनी गाडी फिरवली त्यांना खाली कोणी आहे हे ठाऊकच नसेल, हे मला मान्य आहे. पण पुळण म्हणजे रिकामी जागा, हा जो समज आपल्या मनात घट्ट बसलाय, त्याच्यावरच ही गाडी चालते. इथे पाय ठेवायला जागा नाही, इतकी ही भरलेली आहे.

उजाडतंय. सूर्य मागे टेकडीआड आहे, कड्यावरच्या गणपतीच्या बाजूचं आभाळ जरा पिवळसर झालंय. वरच्या कोरड्या वाळूत आता मोठे खेकडे दिसू लागतात, ज्यांची बिळं मुठीएवढी असतात. एक बाहेर आहे. देठांवर उभे डोळे, त्या डोळ्यांच्याही वर शिंगांसारखे सुळके. अंग पारदर्शक म्हणावं असं फिकट. तो बिळातून वाळूची एक ओंजळ कवटाळून वर आणतो, दोन हात लांब जाऊन भिरकावतो, क्षणभर आमच्याकडे बघतो आणि परत आत. त्यानं टाकलेल्या ढिगाचा रंग बघा, असं दादा खुणेनं सांगतात. वरची वाळू पांढुरकी. ढीग गडद तपकिरी. तो ओलीपर्यंत खणतोय. पुळणीवर जितकं वर बीळ, तितकं ते खोल, कारण ओल तितकी खाली.

खेकडा म्हणजे मुळात कल्ल्यांनी श्वास घेणारा जीव. कल्ले ओले राहिले तर जगणार. हा मात्र पाण्यात राहत नाही, पाण्यात फार वेळ ठेवला तर गुदमरतो. मग तो काय करतो? त्याच्या पायांच्या बुडाशी, दोन पायांच्या बेचक्यात, केसांचे झुबके असतात. ओल्या वाळूवर तो अंग टेकवून बसतो आणि कंदिलाची वात तेल ओढते तसं ते केस वाळूतलं पाणी वर ओढून कल्ल्यांच्या पोकळीत पोचवतात. समोरचा हा आत्ता असाच बसला आहे, बिळापासून थोडा खाली, अगदी स्वस्थ. इतकी वर्षं मी यांना असं बसलेलं बघत आले आणि मला वाटायचं, तो पहारा देतोय. तो पाणी पितोय.

गेल्या भरतीची रेषा लागते. सुरूच्या सुया, नारळाची बोंडं, एक चप्पल, थर्माकोलचे तुकडे, जाळ्याचा हिरवा नायलॉनचा गुंता. आणि त्यात निळं. इतकं निळं की आधी मला ते प्लास्टिकच वाटतं. रुपयाच्या नाण्याएवढी चकती, मधे शिंपल्यासारखी फिकट, भोवती निळ्या धाग्यांची झालर. चार पावलांवर दुसरी, मग पाच-सहा एकत्र. हे जीव खोल समुद्रात पाण्याच्या वर तरंगत राहतात. त्यांना पोहता येत नाही, वारा नेईल तिकडे जातात. नैर्ऋत्येचा वारा जोर धरू लागला की ते आपल्या किनाऱ्याला लागतात. एक चकती म्हणजे एक प्राणी, असंही नाही. ती बारीक बारीक जिवांची वसाहत असते. मधली चकती तरंगायला, धाग्यांचं काम शिकारीचं. गाज कानाला जे सांगते तेच ही निळी चकती डोळ्यांना सांगते. झालर अजून ओली आहे, चमकते आहे. सूर्य टेकडीवर आला की तासाभरात ती सुकून वाळूत एक पांढरा ठसा तेवढा राहील.

"ताई, थांबा. तिथेच."

दादांचा हात माझ्यापुढे आडवा. जाळ्याच्या त्या हिरव्या गुंत्यात काहीतरी जाडसर आहे, राखाडी, वर काळसर पट्टे. समुद्री साप. दीड हात तरी असेल. मी मेलेला समजते, तोवर शेपूट हलते. ती शेपटी सापाची वाटतच नाही. दोन्ही बाजूंनी चेपलेली, वल्ह्यासारखी. पाण्यात तिच्या एका फटक्यानं तो पुढे जातो, पण वाळूवर ती निकामी. त्याच्या पोटावर जमिनीच्या सापांसारखे रुंद खवले नाहीत, त्यामुळे वाळू धरून पुढे सरकता येत नाही. तो अंग एका बाजूला कलंडून टाकतो, वळसा घालतो, आणि तिथेच राहतो.

विष जहाल असतं, हे दादांना कोणी शिकवायची गरज नाही. ते सुरूची एक लांब फांदी शोधून आणतात, मी दूर उभी राहून बॅटरीचा उजेड धरते. फांदीच्या टोकानं ते आधी गुंता सोडवतात. फार हळू. नायलॉनचा एक फास त्याच्या मानेमागे कातडीत रुतलेला आहे, तो निघायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या पाच मिनिटांत दादा एक शब्द बोलत नाहीत. मग फांदी सापाच्या मधोमध खालून घालून उचलायची, चार पावलं जायचं, तो घसरून पडतो, पुन्हा उचलायचं. ओहोटी आज लांब गेलेली. पाण्यापर्यंत जायला बराच वेळ लागतो.

मला त्या वेळी एक गोष्ट आठवते आणि ती मी दादांना चालता चालता सांगते. फ्लोरिडा विद्यापीठाचे हार्वे लिलीव्हाइट नावाचे शास्त्रज्ञ कोस्टा रिकाच्या किनाऱ्याजवळ पिवळ्या पोटाच्या समुद्री सापांचा अभ्यास करत होते. त्यांना आढळलं की हे साप समुद्राचं पाणी पीत नाहीत. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहून ते तहानलेले असतात. कोरड्या हंगामात त्यांच्या अंगातलं पाणी कमी कमी होत जातं, महिनोन्‌महिने. मग मोठा पाऊस पडतो. पावसाचं पाणी खाऱ्या पाण्याहून हलकं, म्हणून ते लगेच मिसळत नाही, समुद्रावर गोड्या पाण्याचा पातळ थर धरून राहतं. तेवढ्या वेळात साप ते पिऊन घेतात.

दादा थांबतात. फांदीवर लोंबणाऱ्या सापाकडे बघतात. "म्हणजे हापण तहानलेला असेल?"

ही जात वेगळी आहे, आणि याचं मी काय सांगणार. पण आठ महिने इथे पाऊस नाही, एवढं तर आम्हा दोघांनाही माहीत आहे.

गुडघाभर पाण्यात फांदी खाली जाते. साप क्षणभर तसाच, काठीसारखा. मग ती वल्ह्याची शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि वाळूवर जो इतका अगतिक होता तो जीव एका रेषेत नाहीसा होतो. लाट फुटते तिच्या खालून.

वर नजर जाते कारण सावली गेली. समुद्री गरुड. पांढरं पोट नाही. हे यंदाचं पिल्लू असणार, अजून तपकिरी, पंख रुंद, शेपटी आखूड. तो सापाच्या वाटेवर दोन घिरट्या घालतो. साप हे या गरुडाचं आवडतं खाणं, आणि आम्ही आणखी दहा मिनिटं उशिरा आलो असतो तर हा हिशेब वेगळा झाला असता. त्याचं मला वाईट वाटलं नसतं. नायलॉनचं वाटलं असतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं या गरुडांच्या घरट्यांच्या मागे वेळासच्या किनाऱ्यावर फिरत होती, तेव्हा त्यांना कासवांची अंडी चोरीला जाताना दिसली. २००२ पासून त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आज दादांसारखी माणसं गावोगावच्या पुळणींवर चालतात त्याच्या मागे असा एक गरुड आहे. याला ते ठाऊक नाही. तो वळून सुरूंच्या दिशेनं जातो.

त्या सुरूंमधून आम्ही वर येतो. निम्मे उभे, निम्मे आडवे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं पाडलेले बुंधे अजून पडून आहेत, त्यांच्यात वाळू साचली आहे आणि वाळूवर मर्यादवेल चढली आहे. जांभळी फुलं आत्ताच उघडतायत. फार नेमकं नाव आहे हे: जिथे ही वेल, तिथे समुद्राची मर्यादा. तिच्या जोडीला रावणाच्या मिशा, ते टोकदार गवत. त्याचे वाळलेले काटेरी गोळे वाऱ्यावर पुळणीभर गडगडत जातात, आणि आज दमट हवेत जड होऊन जागीच अडकलेत. कुंपणाची जाळी गुंडाळून ठेवलेली आहे. हे कासवांच्या अंड्यांचं आवार. शेवटची पिल्लं गेल्या आठवड्यात पाण्यात गेली. आता फक्त वाळूत बोटभर रुतलेले बांबू, आणि त्यांच्यामधून कोल्ह्याची ताजी पावलं. तो रात्री येऊन जागा हुंगून गेलाय.

साडेआठ. ढगांना भेग पडते आणि ऊन अंगावर चटका देतं. वाडीच्या बाजूनं, सुपारीच्या आडून, दोन सुरांची मोकळी शीळ येते. परत येते. नवरंग. कालपर्यंत नव्हता, दादा म्हणतात. दिसत नाही, दिसायची आशाही नाही; मान मागे टाकून शीळ घालतानाचं त्याचं चित्र मी मनात काढते आणि पुढे निघते, कारण समोर टिटवी ओरडायला लागली आहे.

ती ओरडते आहे म्हणजे जवळ काहीतरी आहे. आम्ही जिथे आहोत तिथेच, आडव्या सुरूच्या मागे, बसतो. पाच मिनिटं ती आमच्यावरून घिरट्या घालते, दुसरी जमिनीवर पळत लंगडं सोंग आणते. मग शांत होतात. शेवटी पहिली खाली उतरून खडीच्या एका तुकड्याकडे चालत जाते, थांबते, आणि बसते. तिच्या खाली अंडी आहेत. घरटं म्हणायला चार खडे बाजूला सारलेले, एवढंच. चार अंडी असतील. उभी असताना मला तीन दिसली. मातकट, काळे शिंतोडे असलेली. दहा फुटांवरूनही चटकन ओळखू येत नाहीत, पाय पडेल अशी.

ऊन वाढतं. दुसरी टिटवी निघून जाते. मला वाटतं खायला गेली. दुर्बिणीत ती सापडते ती खाडीच्या तोंडाशी, जिथे ओहोटीनं एक उथळ डबकं ठेवलंय. ती त्यात उभी आहे. पोट पाण्यात बुडवते, उठते, पुन्हा बुडवते, अंग हलवून पिसांत पाणी मुरवते. मग उडून येते. जोडीदार उठतो, ती त्याच्या जागी येते आणि अंड्यांवर ओलं पोट टेकवते. सावलीचा एक ठिपका नाही अशा खडीवर अंड्यांना गारवा द्यायचा तर तो पाण्यापासून इथवर अंगावर घेऊनच यावा लागतो. हे पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी आज बघते आहे. ती बसल्यावर तिच्या छातीखालून पाण्याचा एक थेंब खडीवर पडतो आणि खडीचा तेवढाच तुकडा काळा होतो. दुर्बीण हातात थरथरते म्हणून मी ती खाली ठेवते.

"टिटवीनं अंडी खोलगट जागी घातली तर पाऊस कमी, उंचावर घातली तर पूर, असं आमचे आजोबा बघायचे," दादा कुजबुजतात.

"ही?"

"ही मधेच आहे."

आम्ही लांबून वळसा घालून खाडीवर येतो. इथे जोग नदी समुद्राला भेटते. आत, वळणाच्या आड, हर्णैच्या होड्या ओळीनं लागायला सुरुवात झालीये. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस, मासेमारी बंद. मासळीचा विणीचा काळ. काही होड्या काठावर ओढून झापांनी शाकारल्याही आहेत. डिझेलचा आणि ओल्या झापांचा वास.

चिखलावर पाणी चढू लागलंय. भरती आत शिरते तेव्हा आवाज करत नाही, चिखलातल्या बारीक ओहोळांतून जिभेसारखी पुढे येते. तिच्या पुढे पुढे निवट्या उड्या मारतायत. मासा असून हे जमिनीवर. पुढच्या परांवर कोपर टेकल्यासारखे रेटत चालतात. ओल्या कातडीतून श्वास घेतात, गालांत पाणी भरून ठेवतात, आणि कातडी सुकायला लागली की डबक्यात एका कुशीवर लोळून घेतात. एक निवटी अगदी समोर आहे. डोळे डोक्यावर, बेडकासारखे. ते एकदम खाली जातात, खाचेत, आणि ओले होऊन परत वर येतात. तिचं डोळे मिचकावणं म्हणजे डोळे बुडवणं.

"काय बघताव गो बाय?"

खडपावर एक आजी बसलेल्या, हातात लोखंडी पात्याचं दांडकं, शेजारी पातेलं. कालवं काढतायत. पाणी वाढायच्या आत जितकी निघतील तितकी.

"निवट्या बघतेय, आजी."

"बघून पोट भरतं होय? धरा नि कालवण करा." त्या हसतात, पण लगेच काठावरच्या कांदळाकडे बोट करतात. "तिकडं बघ. शेंगा पडायला आल्यात."

कांदळाच्या फांद्यांना शेवग्यासारख्या लांब, हिरव्या, जड शेंगा लोंबतायत. शेंगा दिसतात, पण त्या रोपं आहेत. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, महिनोन्‌महिने आईच्या अंगावर वाढतं, आणि पावसाळ्याच्या तोंडाला सुटतं. खारट चिखलात बी रुजणं अवघड, म्हणून झाड ते रुजवूनच खाली सोडतं. आजी सांगतात की त्यांच्या लहानपणी खाडीच्या या अंगाला कांदळ इतका दाट होता की होडी बांधली की दिसायची नाही. आता मधे मोकळं आहे. त्या मोकळ्या जागेकडे बघत त्या कालवावर एक घाव घालतात.

निवट्यांच्या मागे, थोड्या उंच चिखलावर, नरांची जत्रा. इवलासा खेकडा, त्याची एक नांगी नेहमीएवढी आणि दुसरी अंगाएवढी, पांढरी. ती पांढरी नांगी तो वर उचलतो आणि खाली आणतो, पुन्हा वर, पुन्हा खाली. माद्यांना बोलावणं. एकानं उचलली की शेजारचाही उचलतो, आणि सगळा चिखल पांढऱ्या हातांनी हलत राहतो. मी किती वेळ बघते मला कळत नाही. आजी पातेलं डोक्यावर घेऊन गेलेल्या असतात. दादा कांदळाच्या मुळावर बसलेले. ऊन गेलंय, कधी गेलं लक्षात आलं नाही. वारा पडला.

पाणी सगळ्यात खालच्या बिळाशी येतं. तिथला नर हात हलवायचा थांबतो. बाजूला जाऊन चिखलाचा एक गोळा उचलतो, बिळाशी आणतो, आत उतरता उतरता तो गोळा वरून ओढून घेतो. दार बंद. आत हवेचा एक बुडबुडा आणि तेवढी ओल घेऊन तो आता सहा तास बसणार. मग दुसरा. मग एकदम पाच-सहा. हात खाली, गोळा, दार. पाणी पुढे येतं तसा चिखल एक एक करून मिटत जातो. एक नर मात्र वर उभाच आहे, पाणी त्याच्या पायांशी आलं तरी हात हलवतोय. कोणासाठी, मला दिसत नाही.

"ताई." दादा उठून उभे राहिलेत, खाडीच्या तोंडाकडे बघत.

सुवर्णदुर्ग दिसत नाही. तो होता तिथे आभाळापासून पाण्यापर्यंत एक गडद पडदा लागला आहे, तिरका. त्याची खालची कड समुद्रावर धुरासारखी. इकडे पान हलत नाही, आणि तिकडे लांब, बाहेर, मोठा पाऊस पडतोय.

आम्ही दोघं काही बोलत नाही. दादांच्या हातात ती सुरूची फांदी अजून आहे, हे मला आत्ता दिसतं.

"तिकडेच गेला ना तो सकाळी?" मी विचारते.

दादा मान हलवतात. "मग आत्ता तोंड वर करून असेल."